काट्यावरची जीप

पंचाक्षरीला खोटं बोलता येत नव्हतं असं नाही. पण बोलायला घेतलं की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, आणि समोरचा माणूस त्याच्या तोंडाकडे न बघता पाळ्यांकडेच बघत बसायचा. असल्या माणसाला साखर कारखान्यात दुसरं कुठलं काम देण्यात अर्थ नव्हता, म्हणून त्याला काट्यावर बसवलं होतं. उसाची गाडी भरून आली की ती वजनकाट्याच्या लोखंडी पाट्यावर उभी करायची आणि भरलेलं वजन लिहायचं. ऊस टाकून गाडी परतली की रिकामं वजन लिहायचं. भरल्यातून रिकामं वजा केलं की तिसऱ्या रकान्यात निव्वळ. शेतकऱ्याचा वर्षभराचा घाम त्या तिसऱ्या रकान्यात असतो. पंचाक्षरीनं अकरा हंगाम हेच केलं होतं आणि अकरा हंगामांत त्याच्या काट्यावर एकदाही भांडण झालं नव्हतं. हे कुणाला सांगितलं तर लोक हसायचे, कारण काट्यावर भांडण न होणारा कारखाना आपल्या मुलखात कुणी पाहिलेला नाही.

अकरा हंगाम झाले तरी तो हंगामीच होता. ऑक्टोबरात ऑर्डर मिळायची, मार्चअखेर संपायची. कायम झालेल्या कामगारांना कारखान्याच्या कॉलनीत दोन खोल्या मिळत आणि त्या खोल्यांत नळ असे. हंगामी लोकांनी शेजारच्या वाडीत भाड्यानं राहायचं. शहाऐंशी सालचा दुष्काळ पडला तेव्हा वाडीची विहीर दिवाळीलाच आटली, आणि पंचाक्षरीची बायको इरम्मा एक डोक्यावर, एक कमरेवर अशा दोन घागरी घेऊन कोसावरच्या मळ्यातून पाणी आणायला लागली. दिवसाला तीन खेपा, सहा घागरी. कॉलनीतल्या नळालाही दिवसातून अर्धाच तास पाणी यायचं, पण ते घरात यायचं. हंगामी माणसाच्या बायकोनं तिथं घागर लावायची नाही, असा नियम होता, आणि नियम मोडू नये म्हणून तिथं एक वॉचमन होता.

इरम्मा आळंदकडची. मराठी बोलायची, पण राग आला की कानडीत जायची, म्हणून पंचाक्षरीला तिच्या भाषेवरून हवा कळायची. अकरा वर्षं तिनं एकच गोष्ट ऐकली होती, की औंदा कायम होणार. त्या भरवशावर तिनं नळदुर्गच्या बाजारातून नळाला लावायची पाच हात हिरवी नळीसुद्धा घेऊन ठेवली होती. नळ नसताना नळी घेणारी बाई म्हणून वाडीतल्या बायका तिची थट्टा करायच्या, आणि ती थट्टा पंचाक्षरीला जेवताना घशात अडकायची.

त्या वर्षी ऊस कुठून असणार. नोव्हेंबरात धुराडं पेटलं आणि डिसेंबर संपायच्या आत थंड झालं. पण हंगामी लोकांच्या ऑर्डरी मार्चपर्यंतच्या होत्या. म्हणजे दीडशे माणसं रोज आठला येणार, मस्टरवर सही करणार आणि थंड पडलेल्या धुराड्याकडे बघत बसणार. शहाण्या साहेबानं त्यांना पाळीपाळीनं घरी सोडलं असतं. पण कारखान्याचे एम.डी. नानासाहेब तेव्हा नुकतेच पुण्याहून तीन दिवसांचं व्यवस्थापनाचं शिबिर करून आले होते, आणि तीन दिवसांत माणसाचं जेवढं नुकसान होऊ शकतं तेवढं झालं होतं.

पहिल्यांदा त्यांनी टाइम ऑफिसवर पाटी लावली: ‘कारखाना हे आपले कुटुंब आहे’. कुटुंबातून कुणी रजेवर जात नसतं, म्हणून रजा बंद झाल्या. एकाचा सासरा वारला तेव्हा नानासाहेबांनी त्याला विचारलं की सासरा परत येणार आहे का, आणि नसेल तर घाई कसली. सुट्टी पाचला व्हायची, पण साहेबांची जीप फाटकाबाहेर गेल्याशिवाय कुणी उठायचं नाही, हा रिवाज आधीपासूनच होता. नानासाहेबांनी तो पक्का केला. ते सहाला निघायचे. तोवर दीडशे माणसं तोंडावर कामाचा भाव आणून बसायची, आणि काम नसताना तो भाव तासभर टिकवणं हे ऊस तोडण्यापेक्षा अवघड असतं.

मग आली डायरी. प्रत्येकाला एक छापील वही मिळाली, आठ ते नऊ, नऊ ते दहा असे रकाने पाडलेली. शेवटचा रकाना पाच ते सहाचा होता. ड्युटी पाचला संपते, हे वहीला माहीत नव्हतं. दर तासाला काय काम केलं ते लिहायचं, रिकामा रकाना दिसला की लाल पेन्सिलीचा गोल, आणि दर शनिवारी टाइम ऑफिससमोरच्या लिंबाखाली सगळ्यांना जमवून साहेब डायऱ्या वाचून दाखवणार. वर त्यांनी जाहीर केलं की डायऱ्या बघून पाडव्याला दोन हंगामी लोकांना कायम करणार. हे ऐकून पंचाक्षरीनं त्याच दिवशी वहीवर आपलं नाव घातलं.

पण त्याच्या डोक्यात लिहिणं म्हणजे झालं ते लिहिणं. त्यानं पहिल्या आठवड्यात लिहिलं: आठ ते नऊ, काट्यावर बसलो, गाडी आली नाही. नऊ ते दहा, बसलो, गाडी आली नाही. दहानंतर त्यानं ‘वरीलप्रमाणे’ लिहून हात वाचवला होता. शनिवारी नानासाहेबांनी ही वही मुद्दाम वर काढली आणि नाटकातल्यासारखी वाचली. लोक हसले, कारण हसायचं असतं. मग साहेब म्हणाले की पंचाक्षरीच्या जागी एखादा दगड ठेवला तरी तो एवढंच बसेल आणि पगार मागणार नाही. त्यावरही लोक हसले. पंचाक्षरी जमिनीकडे बघत उभा राहिला. संध्याकाळी घरी त्यानं इरम्माला सांगितलं की आज साहेबांनी आपलं नाव घेतलं. ते कसं घेतलं हे सांगितलं नाही.

त्याच शनिवारी बक्षीस मिळालं बंडप्पाला. बंडप्पा स्टोअरमध्ये होता, पंचाक्षरीचा जुना दोस्त, आणि त्याची डायरी ऐकण्यासारखी होती. आठ ते नऊ, नटबोल्ट मोजले, अकराशे चाळीस. नऊ ते दहा, खात्रीसाठी पुन्हा मोजले, अकराशे अडतीस. दहा ते अकरा, हरवलेल्या दोन बोल्टांचा शोध. अकरा ते बारा, शोध चालू. बारा ते एक, बोल्ट सापडले. दुपारनंतर ते परत हरवले होते. साहेबांनी बंडप्पाच्या चिकाटीचं कौतुक केलं आणि पुढच्या आठवड्यात कारखान्यातली निम्मी माणसं काही ना काही मोजायला लागली. एकानं तर कौलं मोजायला छपरावर शिडी लावली आणि पाय मोडून घेतला. त्याला डायरी दवाखान्यात नेऊन दिली.

पंचाक्षरीनं बंडप्पाला गाठलं आणि मार्ग विचारला. बंडप्पानं विडी विझवली आणि मोठ्या भावासारखा समजावत बोलला. काम नसलं तर उकरून काढायचं. काटा आहे तर काटा तपासावा, रोज तपासावा, दोनदा तपासावा. काटा तपासायला एक ठरलेली गाडी लागते, आणि या कारखान्यात सध्या रोज न चुकता येणारी गाडी कुठली.

अशी साहेबांची जीप काट्यावर आली. पंचाक्षरीनं रीतसर अर्ज दिला की काटा पडून राहू नये म्हणून साहेबांची जीप सकाळ-संध्याकाळ काट्यावरून न्यावी. नानासाहेब खूश झाले. आपल्या डायरीनं दगडालासुद्धा पाझर फुटला असं ते दोघातिघांना म्हणाले. सोमवारी सकाळी साडेआठला त्यांचा ड्रायव्हर मच्छिंद्र यानं जीप पाट्यावर उभी केली, साहेब आत ताठ बसले, फोटो काढतात तसे. वजन भरलं चौदाशे वीस किलो. संध्याकाळी सहाला जीप परत आली, मागच्या ताडपत्रीच्या कडा घट्ट बांधलेल्या, साहेब पुन्हा ताठ. वजन अठराशे वीस.

आता दुसरा कुणी असता तर त्यानं दोन वजनं लिहून वही मिटली असती. पण पंचाक्षरीनं अकरा हंगामांत दोन वजनं लिहून तिसरं लिहिलं नाही असं कधी झालंच नव्हतं. हात आपोआप पुढं गेला आणि त्यानं लिहिलं, निव्वळ चारशे.

मंगळवारी तीनशे नव्वद. बुधवारी पुन्हा चारशे. बुधवारी जीप पाट्यावरून उतरली तेव्हा पाटा ओला होता. आतून डुचमळल्याचा आवाज आला, तो ज्यानं एकदा घागर वाहिली आहे त्याला ओळखायला शिकवावं लागत नाही. मच्छिंद्र नजर चुकवून समोर बघत होता. साहेबांचा नळदुर्गात बंगला चालला होता आणि गेल्या आठवड्यात स्लॅब पडला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. स्लॅबला रोज पाणी मारावं लागतं, हेही गवंड्याला विचारायला नको. सकाळी रिकामी पिपं यायची, दिवसभरात कॉलनीच्या टाकीवर भरायची, संध्याकाळी बाहेर. कॉलनीचा नळ अर्ध्या तासात का आटपतो हे पंचाक्षरीला त्या ओल्या पाट्याकडे बघताना कळलं, आणि त्याला खरोखर राग आला. तो रागावला की पेन्सिल दाबून लिहायचा.

पण त्यानं पाणी हा शब्द लिहिला नाही. भीती वाटली, हे खरंच आहे. आणि आकडेही न लिहावेत तर पाच ते सहाचा रकाना रिकामा राहणार, त्यावर लाल गोल पडणार, आणि इरम्माची नळी तशीच गुंडाळलेली राहणार. दुसरं काम त्याच्याकडे होतं कुठं. म्हणून शनिवार सकाळपर्यंत त्यानं जीप येताजाता रकाने भरले, आणि वही आकड्यांनी गच्च झाली.

नानासाहेब वह्या आधी वाचत नसत. कुठली वही जास्त भरली आहे एवढं बघून उचलत. त्या शनिवारी संचालक मंडळाची बैठक होती. चेअरमन यायचे होते, तोवर शांतलिंगअप्पा नावाचे एक म्हातारे संचालक लिंबाखाली साहेबांच्या शेजारी खुर्चीवर बसले होते. अप्पांची स्वतःची सात एकर उसाची लागण होती, दर हंगामाला ते आपल्या गाड्यांबरोबर चालत काट्यापर्यंत यायचे. पाहुणा बसलाय बघून साहेबांना जोर चढला. कालचा दगड आज कसा कामाला लागला ते ऐका, असं म्हणून त्यांनी पंचाक्षरीची वही उघडली आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

“सोमवार. साहेबांची जीप. आत येताना चौदाशे वीस, बाहेर जाताना अठराशे वीस, निव्वळ चारशे.” आपलं नाव वहीत आलेलं बघून ते प्रसन्न हसले. “मंगळवार. आत चौदाशे वीस, बाहेर अठराशे दहा, निव्वळ तीनशे नव्वद. बुधवार...”

इथं त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला.

लिंबाखाली दीडशे माणसं होती आणि त्यातला प्रत्येकजण उसाच्या गाड्यांमागे वाढलेला. निव्वळ म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. बंडप्पा आपल्या वहीत खाली मान घालून काहीतरी मोजत होता. पंचाक्षरीला वाटलं आपण इथून नाहीसे झालो तर बरं होईल.

शांतलिंगअप्पांनी चष्मा काढून धोतराला पुसला आणि शांतपणे विचारलं, “नानासाहेब, ऊस तर संपला. मग ह्ये निव्वळ कशाचं म्हनायचं?”

साहेबांना जे पहिलं सुचलं ते ते बोलले. काटा बिघडला असेल, असं म्हणाले.

सहकारी कारखान्यात माणसानं काहीही बोलावं, पण हे एक वाक्य बोलू नये. तिथं उभ्या असलेल्या निम्म्या लोकांच्या घरचा ऊस नोव्हेंबरात त्याच काट्यावरून गेला होता. अप्पांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि साहेबांकडे नीट बघितलं.

“कवापास्नं बिघडलाय?” ते म्हणाले. “माजा सगळा ऊस ह्याच काट्यावरनं गेलाय.”

काटा खरा म्हटलं तर जीप अडकते, आणि काटा खोटा म्हटलं तर अख्खा हंगाम. नानासाहेबांच्या कपाळावर जानेवारीत घाम आला. त्यांनी काटा चोख असल्याचं, वाचण्यात आपलीच चूक झाल्याचं आणि बैठकीची वेळ झाल्याचं एका दमात सांगितलं आणि आत गेले. लोक हसले ते कँटीनमध्ये जाऊन, आणि त्या दिवशी कुणालाही हसायला सांगावं लागलं नाही. पंचाक्षरीच्या चहाचे पैसे बंडप्पानं दिले, जे याआधी कधी घडलं नव्हतं.

पण बोलणं लिंबाखाली थोडंच राहतं. रविवारच्या एका दिवसात चार गावांत पसरलं की कारखान्याचा काटा चारशे किलोनं खोटा आहे, साहेबांनीच कबूल केलं. सभासद ट्रॅक्टर भरून यायची भाषा करू लागले. सोमवारी सकाळी नानासाहेबांनी पंचाक्षरीला केबिनमध्ये बोलावलं.

“पंचाक्षरी, बसा,” ते म्हणाले.

अकरा वर्षांत त्याला तिथं कुणी बसा म्हटलं नव्हतं. तो इतका घाबरला की बसला. टेबलावर दोन कागद होते. एक त्याची कायमची ऑर्डर, टाइप केलेली, खाली कॉलनीतल्या नऊ नंबरच्या खोल्या. दुसरा जबाब. त्यात लिहिलं होतं की सोमवार ते शनिवार एवढेच दिवस काट्याच्या पाट्याखाली दगड अडकल्यानं वजन चुकीचं येत होतं, त्याआधी काटा पूर्ण बरोबर होता, आणि रविवारी आपण स्वतः दगड काढला. साहेबांनी गोड आवाजात सांगितलं की जबाबावर सही झाली की ऑर्डरवर त्यांचीही सही होईल. घाई नाही, उद्या सकाळी आणून द्या. कुटुंबातच आहोत आपण.

जबाबाचा कागद खिशात घालून तो घरी आला. नऊ नंबरचा नळ त्यानं बाहेरून पाहिलेला होता, पितळी, नवा. इरम्मा तिसऱ्या खेपेवरून येऊन दाराशी बसली होती, डोक्यावरची चुंबळ हातात. त्यानं सगळं सांगितलं. तिला आधी फक्त नऊ नंबर ऐकू आलं.

“दगड तर दगड,” ती म्हणाली. “लिवून द्या की. दगडाला काय लागतंय?”

पंचाक्षरीला हायसं वाटलं होतं आणि त्या हायसं वाटण्याची लाजही वाटली होती. भाकरी थापता थापता इरम्मा थांबली. चारशे किलो म्हणजे किती घागरी, असं तिनं विचारलं. भरल्या घागरीत पंधरा लिटर मावतं हे त्याला पाठ होतं. तो म्हणाला सव्वीस, वर थोडं. रोज का, तिनं विचारलं. रोज, तो म्हणाला. इरम्मानं पिठाच्या हातानं बोटांवर हिशेब केला. तिच्या सहा घागरींप्रमाणे चार दिवसांचं पाणी, साहेबांचा स्लॅब एका संध्याकाळी पीत होता. तिनं हिशेब पुन्हा केला, बंडप्पासारखा, आणि तो पुन्हा तेवढाच आला. तव्यावरची भाकरी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं.

“साकु,” ती म्हणाली. कानडीत पुरे. मग त्याला कळावं म्हणून मराठीत म्हणाली, “त्यो कागद परत द्या. माज्या डोस्क्यावरचं पानी खोटं हाय म्हून लिवू नगा.”

जेवणं झाल्यावर ती आतल्या खोलीत जाऊन रडली. पंचाक्षरीला ते ऐकू आलं. तो बाहेर बसून राहिला.

मंगळवारी अकराला तो केबिनमध्ये गेला. या वेळी त्याला कुणी बस म्हटलं नाही, कारण कागदावर सही नाही हे साहेबांनी दारातूनच ओळखलं. त्यानं कागद टेबलावर ठेवला आणि पाठ करून आलेलं वाक्य म्हटलं, की काटा खरा आहे, पाहिजे तर मला खोटं ठरवा. तू काय हरिश्चंद्र लागून गेलास का, असं विचारून नानासाहेबांनी ऑर्डरचा कागद उचलला, आधी उभा फाडला, मग आडवा, आणि टोपलीत टाकला. काट्यावरून मात्र त्याला काढता येणार नव्हतं. काट्यावर पंचाक्षरीच बसेल असं सांगायला शांतलिंगअप्पा सकाळीच येऊन गेले होते, आणि सोबत सभासदांचे दोन ट्रॅक्टर होते.

पंचाक्षरी आपल्या जागेवर येऊन बसला. गाडी येणार नव्हती. जीप आता काट्याला वळसा घालून जाणार होती. पण डायरीचं परिपत्रक अजून कुणी मागं घेतलेलं नव्हतं, आणि अकरा ते बाराचा रकाना मोकळा होता. त्यानं पेन्सिलीला टोक केलं आणि झालं ते लिहिलं: ‘साहेबांनी माझी कायमची ऑर्डर फाडली. तुकडे चार. वजन घेता आले नाही, काटा दहा किलोच्या खाली दाखवत नाही.’ आणि खाली, कुणी मागितली नव्हती तरी, सही केली.